नळी क्रमांक सतरा

ग्रिम्सबीच्या गोदीमागे, दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर,
मंगळवारी आणि शुक्रवारी
मी मिस्टर ऑडलिंगचा डावा पाय मांडीवर घेते.
ड्रेसिंग सोडताना ते खिडकीबाहेर बघतात,
मासळीबाजाराच्या छपराकडे,
आणि मला वास येतो
द्राक्षांचा.

खरंच. पुस्तकातही तसंच दिलंय:
हा जंतू हिरवट पू करतो
आणि पिकल्या द्राक्षांसारखा गोडसर दरवळतो.
मी तासगावची. मांडवाखाली वाढलेली,
फेब्रुवारीत पेट्या भरताना
कागदाच्या कातरणांत कोपरापर्यंत हात बुडवलेली.
एका माणसाची टाच सडतेय
आणि मला घरची आठवण येते,
हे सांगू कुणाला, आणि कुठल्या तोंडाने.

कागदी मोजपट्टीने मोजते: बेचाळीस मिलिमीटर.
पुढच्या आठवड्यात एकेचाळीस.
मग पुन्हा बेचाळीस.
रक्तात साखर, आणि जंतू आपापल्या चिकट घरात
दारं लावून बसलेले. औषधं उंबऱ्यावरूनच परत.

म्हणून ही नळी.
आत सिरियमचे कण, इतके बारीक
की बारीक हा शब्दही त्यांना ढगळ होतो.
त्यांना जीव नाही. पण शरीरातली विकरं जे काम करतात
त्याचं ते सोंग घेतात.
पू आंबट असेतो जंतूंवर जाळ धरतात;
आंबटपणा ओसरला की तेच कण
जाळ आवरून प्राणवायू सोडू लागतात.

"सोंग?" मिस्टर ऑडलिंग विचारतात.

आता यांना बहुरूपी कसा समजावू?
आमच्या गल्लीत यायचा, खाकी सदरा, पुठ्ठ्याचा बिल्ला,
"चला, वॉरंट आहे तुमच्या नावाचं!"
मिशी डिंकाने चिकटवलेली, पोराटोरांनाही ठाऊक.
तरी शेजारचा बापू, ज्याने खरंच सायकल चोरली होती,
मागच्या दाराने पळाला.
फौजदार खोटा. पळणं खरं.

मी एवढंच म्हणते: लायटरच्या खड्यातही हाच धातू असतो.
ते खिशातून लायटर काढतात. सिगारेट सुटून नऊ वर्षं झाली,
लायटर सुटला नाही.
खट्. ठिणगी.
"म्हणजे ज्याने पाय घालवला तोच परत आणणार?
बोटीवरचे आमचे मुकादमही असेच होते."

त्यांनी चौदा पानं वाचून सही केली आहे.
निम्म्या नळ्यांत कण, निम्म्यांत नुसतं जेल.
कुठल्या नळीत काय, ते लीड्सला, बंद पाकिटात.
आमच्या नळीवर फक्त आकडा: सतरा.
बहुरूपी आलाय, की वाऱ्यानेच दार वाजलंय,
मलाही माहीत नाही.

अडतीस. एकतीस. एकतीस. बावीस.
कडेने गुलाबी, ओलसर, दाणेदार मांस.
आई फोनवर विचारते, जखम भरतेय का गं त्या म्हाताऱ्याची?
भरतेय, मी म्हणते, शाळा भरते तशी:
एकेक पोर उशिरा येतं
आणि खाली मान घालून आपल्या जागी बसतं.

आज शुक्रवार. नऊ मिलिमीटर.
ड्रेसिंग सोडलं, वाकले, श्वास घेतला.
साबण. लोकरी मोजा. किंचित मासळी.
आणखी एकदा वाकले, गरज नसताना.

"काही बिघडलं का?"
"नाही," मी म्हणाले, "छान आहे,"
आणि फॉर्मवर 'वास' या शब्दापुढच्या चौकोनात
फुली मारली.

ते लायटर घासत होते. खट्. खट्.
खडा संपला असावा.
तरी घासत होते.